तळं गेलं, बेट उरलं: सारसबागेचं प्रकरण

सारसबागेतल्या गणपतीला जुने पुणेकर आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. तळं जाऊन साठेक वर्षं होत आली. ते भरलेलं पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. चतुर्थीच्या रांगेतल्या एखाद्या पोराला सांगितलं की हे देऊळ एकेकाळी बेटावर होतं, तर तो देवळाभोवतीच्या कमळांच्या पाण्याकडे बोट दाखवतो. ते पाणी म्हणजे ते तळं नव्हे. ती बागेची शोभा आहे.

प्रकरण थोडक्यात असं. अठराव्या शतकाच्या मध्यावर पर्वतीच्या टेकडीच्या पायथ्याशी सुमारे 25 एकरांचं तळं करण्यात आलं. ते खोदताना मधला सुमारे 25,000 चौरस फुटांचा तुकडा मुद्दाम राखला. त्यावर आधी बाग झाली आणि 1784 मध्ये गणपतीचं लहानसं देऊळ उभं राहिलं. 1960 च्या दशकात तळं आटवून तिथे महापालिकेची बाग झाली. देवळात पूजाअर्चा आजही जोरात चालू आहे, तळ्याच्या मात्र खुणा शोधाव्या लागतात. दोन्ही एकाच कामाचे भाग होते. मग एक टिकला आणि दुसरा का गेला, एवढाच या टिपणाचा प्रश्न.

आपल्याकडे जागेचा इतिहास सांगताना इमारतीचा इतिहास सांगून मोकळं होण्याची खोड आहे. इथे तसं केलं तर मुख्य गोष्टच निसटते. जमिनीच्या हिशेबात बघा: एकराचे चाळीस गुंठे धरले तर तळं हजार गुंठ्यांचं होतं आणि बेट जेमतेम तेवीस गुंठ्यांचं. सगळी मेहनत, सगळा खर्च, सगळी अक्कल त्या हजार गुंठ्यांत गेली होती. उरले आहेत ते तेवीस.

पाणी आधी, देव नंतर

नानासाहेब पेशवे, म्हणजे बाळाजी बाजीराव, 1740 मध्ये गादीवर आले. पुढच्या वीसेक वर्षांत पुणं कसब्याचं शहर झालं. माणसं वाढली की पहिली ओरड पाण्याची, आणि ती त्यांनी मनावर घेतलेली दिसते. 1749 मध्ये पर्वतीवर देवदेवेश्वराचं देऊळ झालं आणि त्याच सुमाराला कात्रजच्या नळाचं काम सुरू झालं. कात्रजला दोन तलाव बांधले. वरच्यात गाळ बसायचा, खालच्यात निवळलेलं पाणी यायचं, आणि तिथून जमिनीखालच्या दगडी बोगद्यातून ते शहरात उतरायचं. वाटेत जागोजागी हवेसाठी आणि साफसफाईसाठी उच्छ्वास ठेवले होते. शहरात शनिवारवाड्यापर्यंत पाणी पोचलं आणि पेठांमध्ये हौद भरू लागले. हे सगळं उताराच्या जोरावर. कुठे रहाट नाही, मोट नाही.

आता या योजनेत पर्वतीचं तळं कुठे बसतं ते पाहू. कात्रजच्या डोंगरातून निघणारा आंबिल ओढा खाली उतरतो तो पर्वतीच्या पायथ्याशी येतो. पूर्वी तो तिथून पुढे गावाच्या अंगाने वाहत मुठेला मिळायचा आणि पावसाळ्यात वस्तीला त्रास द्यायचा. शिवकाळात पुणं नव्याने वसवताना दादोजी कोंडदेवांनी याच ओढ्यावर बांध घातल्याचं सांगतात, म्हणजे ही कटकट जुनीच. नानासाहेबांच्या काळात ओढ्याला पर्वतीपाशी अडवून त्याचा प्रवाह पश्चिमेकडे, आजच्या दांडेकर पूल-दत्तवाडीच्या बाजूने मुठेकडे वळवला. ओढा जिथे अडवला त्या सखल भागात तळं भरलं. गावाकडचं जुनं पात्र कोरडं पडलं आणि पुढे त्या बाजूला पेठा पसरायला जागा मोकळी झाली.

म्हणून हे तळं नुसतं राजेशाही हौस नव्हतं. हौस होतीच, बेटावर बाग काढायची, नावेतून फिरायचं, वर पर्वतीवरच्या वाड्यातून खालचं पाणी बघायचं, हे सगळं होतं. पण पाया होता तो एका खट्याळ ओढ्याला वळण लावण्याचा आणि पावसाचं पाणी थोपवून धरण्याचा. वरच्या अंगाला कात्रजचे दोन तलाव आणि खालच्या अंगाला पर्वतीचं तळं, अशी एकाच ओढ्याची दोन टोकं बांधून काढली होती. ज्याने हे आखलं त्याला उतार कळत होता.

नानासाहेबांना हे वैभव फार काळ लाभलं नाही. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं. त्यात थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलत भाऊ सदाशिवराव गेले. त्याच वर्षी 23 जूनला पर्वतीवरच नानासाहेबांनी देह ठेवला. तळं तेव्हा पुरतं दहा-बारा वर्षांचंही नव्हतं आणि बेटावर देऊळ अजून व्हायचं होतं.

नावेतली खलबतं

या तळ्याची सर्वांत लोकप्रिय गोष्ट नावेची आहे. पेशवे महत्त्वाची बोलणी नावेत बसून करायचे, आणि फितुरी होऊ नये म्हणून नाव वल्हवायला मराठी न समजणारे हबशी नावाडी ठेवायचे, अशी ती आख्यायिका. बागेत आलेल्या पाहुण्याला पुणेकर ही गोष्ट हमखास सांगतो.

मला ती पुरती पचत नाही. एक तर पाण्यावर आवाज लांबवर जातो. गुप्त बोलायचं तर पर्वतीवरच्या वाड्यातली बंद खोली काय वाईट होती? दुसरं, रोज पेशव्यांच्या चाकरीत असलेला नावाडी वर्षभरात मराठी शिकणार नाही, हे मानायला जड जातं. पण गोष्ट अगदीच फेकून देण्यासारखीही नाही. तळ्यावर नावा होत्या, त्या वल्हवायला माणसं नेमलेली होती, आणि दरबारी मंडळींचा तिथे वावर होता, एवढं तिच्यातून नीट कळतं. या प्रकरणात आपल्याला तेवढंच हवं आहे. तळं वापरात होतं. वापरातलं पाणी म्हणजे कोणाच्या तरी रोजच्या नजरेखालचं पाणी. काठ ढासळला तर दिसतो, शेवाळ धरलं तर ओरड होते.

1784

देवळाचं श्रेय सवाई माधवरावांना दिलं जातं. 1784 मध्ये त्यांनी बेटावर देऊळ बांधून सिद्धिविनायकाची स्थापना केली, असं देवस्थान सांगतं. सवाई माधवरावांचा जन्म 1774 चा, पुरंदरावरचा. म्हणजे देऊळ झालं तेव्हा पेशव्यांचं वय दहा वर्षं. दहा वर्षांच्या मुलाने देऊळ बांधलं याचा अर्थ त्याच्या नावाने बांधलं. कारभार नाना फडणवीसांच्या हातात होता.

साल मात्र बोलकं आहे. इंग्रजांशी चाललेलं युद्ध 1782 च्या सालबाईच्या तहाने थांबलं होतं आणि पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावांचं प्रकरण मिटलं होतं. त्यामुळे पुणे दरबाराला बऱ्याच वर्षांनी उसंत मिळाली होती. अशा वेळी तयार बेटावर एक छोटं देऊळ बांधणं हे फार मोठं काम नव्हे. पर्वतीवरच्या देवदेवेश्वराच्या तोलाचं काही तिथे उभारायचा विचार कोणी केलेला दिसत नाही. गणपती पेशव्यांचं आराध्य दैवत, बेट मोकळं, बाग तयार. तिथे देव बसवला.

पण याच छोट्या कामाने पुढचं सगळं ठरवलं. बाग सुकली तर सुकली, नाव कुजली तर कुजली. देवाला मात्र रोज पाणी घालावं लागतं, दिवा लावावा लागतो, नैवेद्य दाखवावा लागतो. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की कोणीतरी पुजारी लागतो, त्याच्या पोटाची सोय लागते, त्या सोयीसाठी उत्पन्न लागतं आणि उत्पन्नाचा हिशेब ठेवणारा कोणी लागतो. तळ्यामागे अशी साखळी कधीच नव्हती. ते सरकारी काम होतं आणि सरकार असेपर्यंत चाललं.

धनी कोण?

1817 च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. दुसरे बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होते असं म्हणतात. पुढच्या जूनमध्ये ते शरण गेले आणि वर्षासनावर बिठूरला रवाना झाले. पेशवाईचा कारभार संपला तसा कात्रजचा नळ, हौद, तळं, बंधारे या सगळ्यांचा मूळ धनीही गेला.

देवस्थानांचं तसं झालं नाही. 1818 च्या फेब्रुवारीत कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. त्यात वतनं, इनामं आणि धर्मादाय नेमणुका पुढे चालवण्याचं आश्वासन होतं. कंपनी सरकारला लोकांचा असंतोष नको होता, देवाधर्माला हात लावला तर काय होईल याची धास्ती होती. पर्वतीवरची देवळं आणि हा खालचा गणपती देवदेवेश्वर संस्थानाकडे राहिले, आजही आहेत. म्हणजे राज्य बदललं त्या घडीला देवळाला धनी मिळाला. तळ्याच्या बाबतीत तसं कोणी पुढे आलं नाही.

तरीही तळं लगेच गेलं नाही. दीडशे वर्षं ते तग धरून राहिलं. बांधकाम पक्कं होतं आणि ओढा पाणी आणत होता. पण ओढा नुसतं पाणी आणत नाही, गाळही आणतो. ओढ्यावरचं कोणतंही तळं गाळ काढला नाही तर उथळ होत जातं. उथळ झालं की उन्हाळ्यात काठ उघडे पडतात, त्यावर झुडपं आणि मग वस्ती येते. उरलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळलं की डास होतात. डासांचं पाणी टिकवावं असं कोणी म्हणत नाही.

त्यातच 1879 मध्ये खडकवासल्याचं धरण पुरं झालं. त्याचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरूनच जातो. शहराची तहान भागवायला मुठेचं पाणी आलं आणि पेशवेकालीन पाणी दुय्यम झालं. कात्रजच्या नळाचं पाणी पुढेही काही हौदांना मिळत राहिलं, पण त्यावर शहर अवलंबून राहिलं नाही. गरज संपली की देखभाल आपोआप थांबते. त्यासाठी कोणाला वाईट म्हणायचं कारण नाही.

स्वातंत्र्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. 1950 मध्ये पुण्याची महानगरपालिका झाली. 1953 मध्ये तळ्याच्या परिसरात पेशवे पार्क आणि प्राणिसंग्रहालय सुरू झालं. 1956 मध्ये तिथे फुलराणी ही मुलांची छोटी रेल्वे धावू लागली. पुण्यात वाढलेल्या माणसाची पहिली रेल्वे बहुधा हीच. शहर स्वारगेटच्या पुढे, पर्वतीच्या पलीकडे सरकत होतं. गावाबाहेरचं तळं गावाच्या मधोमध आलं. 1960 च्या दशकात उरलंसुरलं तळं आटवलं आणि दशक संपता संपता आजची सारसबाग तयार झाली.

हा निर्णय चुकला का? आजच्या नजरेने चुकला म्हणणं सोपं आहे. त्या वेळच्या पुणेकराच्या नजरेने बघा: दुर्लक्षात पडलेलं पाणी जाऊन तिथे हिरवळ, पायवाटा, मुलांना खेळायला जागा आणि देवाला जायला सरळ रस्ता मिळाला. संध्याकाळी हिरवळीवर बसलेली कुटुंबं, बाहेर भेळेच्या गाड्या, दिवाळी पहाटेला उसळलेली गर्दी, हे सगळं त्या निर्णयाचंच फळ आहे. तळ्याच्या जागी इमारती उभ्या राहिल्या नाहीत, हे तर मी नशीबच समजतो. पाण्याची जागा निदान मोकळी राहिली. देशातल्या किती शहरांनी तळी बुजवून तिथे बसस्थानकं आणि वसाहती बांधल्या, ते पाहिलं की पुण्याचं हे पाप तसं हलकं वाटतं.

काय टिकलं, नेमकं?

देवळाकडे जरा जवळून बघितलं तर गंमत लक्षात येते. आतली मूर्ती 1784 ची नाही. ती 1882 मध्ये एकदा आणि 1990 मध्ये पुन्हा बदलली. आजची पांढऱ्या संगमरवराची आहे, राजस्थानी कारागिरांच्या हातची. 1995 मध्ये आवारात गणेशमूर्तींचं छोटं संग्रहालय झालं. रंग, फरशा, रेलिंग, रांगेची सोय, यांत वेळोवेळी भर पडत गेली. म्हणजे ‘जुनी इमारत टिकली’ हे वाक्य काटेकोरपणे घेतलं तर अर्धंच खरं आहे. दगडापेक्षा क्रम टिकला. सकाळी दार उघडायचं, पूजा करायची, रात्री शेजारती करायची, हा क्रम अडीचशे वर्षं जवळजवळ अखंड चालू आहे, आणि त्या क्रमाने इमारतीला सांभाळून नेलं.

थंडी पडली की या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. पुण्याच्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात तो फोटो येतो आणि काही जण हसतातही. मला ते हसण्यासारखं वाटत नाही. देवाला थंडी वाजत असेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडून गाभाऱ्यातली गळकी जागा पावसाळाभर तशीच राहणं शक्य नाही. तळ्याचा काठ खचला तर असं हळहळणारं कोणी उरलं नव्हतं.

बेट म्हणून त्याची ओळख मात्र गेली. पूर्वी देवाला जायचं तर पाणी ओलांडून जावं लागत असे. आता आपण सपाटीवरून चालत जातो आणि शेवटी थोडं चढतो. तो चढ म्हणजेच बेट. टेकाड म्हणून त्याच्याकडे बघणाऱ्याला हे सुचणारही नाही, कारण त्याच्या डोळ्यांत नैसर्गिक टेकडी भरलेली असते ती मागची पर्वती. प्रत्यक्षात हे टेकाड कोणी रचलेलं नाही. भोवतालची माती काढून घेतली म्हणून ते उरलं. बागेत गेलात तर एकदा देवळाच्या कट्ट्यावरून चारी बाजूंनी नजर टाका आणि हिरवळ, पायवाटा, झाडं यांच्या जागी पाणी धरून पाहा. फुलराणीच्या बाजूपर्यंत ते पसरलं होतं.

ओढ्याचा हिशेब

तळं गेलं तरी ते ज्यासाठी केलं होतं ते कारण गेलं नाही. आंबिल ओढा आजही कात्रजहून निघतो, सहकारनगर-अरण्येश्वरवरून पर्वतीपाशी येतो आणि दत्तवाडीकडे वळतो. नानासाहेबांनी लावून दिलेलं वळण त्याने पाळलं आहे. फरक एवढाच की मध्ये थांबायला जागा उरलेली नाही आणि दोन्ही काठांना घरं टेकली आहेत.

27 सप्टेंबर 2018 ला पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीजवळ मुठेच्या कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या परिसरात भर दिवसा पाणी घुसलं. पाऊस नव्हता, कालवाच फुटला होता. पुढच्याच वर्षी, 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रज आणि दक्षिण पुण्यावर ढग कोसळले. आंबिल ओढा पात्र सोडून वाहिला, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या आणि माणसं दगावली. दोन्ही घटनांची कारणं वेगळी आहेत, ती एकात घालू नयेत. पण जागा एकच. शहराच्या दक्षिणेकडचं पाणी जिथे उतरतं, तिथेच अठराव्या शतकातल्या माणसांनी त्याला ऐसपैस जागा करून दिली होती.

इथे एक इशारा दिला पाहिजे. ‘तळं असतं तर पूर आला नसता’ असं म्हणणं पोकळ आहे. 25 एकरांचं तळं, तेही सप्टेंबरात आधीच भरलेलं, अशा रात्रीच्या पावसाला कितीसं थोपवणार? शिवाय त्या रात्रीचं बरंचसं नुकसान तळ्याच्या वरच्या अंगाला, अरण्येश्वरच्या बाजूला झालं. तिथे खालच्या तळ्याचा उपयोग नव्हता. तिथे प्रश्न अरुंद झालेल्या पात्राचा होता. त्यानंतर 2021 मध्ये दांडेकर पुलाजवळ ओढा सरळ करण्यासाठी काठावरची घरं पाडायला सुरुवात झाली तेव्हा मोठा संघर्ष झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. ओढ्याला जागा द्यायची म्हणजे कोणाची तरी घेणं आलं. नानासाहेबांना हा पेच नव्हता. त्यांनी वळवला तेव्हा तिथे मोकळं रान होतं.

मग हाती काय राहतं? तळं परत आणा असं मी म्हणणार नाही. हजारो माणसं रोज जिथे फिरायला येतात ती बाग उखडून तिथे पाणी भरायला कोणी तयार होणार नाही, आणि भरलं तरी ते स्वच्छ ठेवायचं कोणी, हा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहील. पण काही साध्या गोष्टी करण्यासारख्या आहेत. जुन्या तळ्याचा काठ कुठून कुठे जात होता ते बागेच्या फरशीत एका रंगीत रेषेने दाखवता येईल. देवळापाशी जो फलक लागतो त्यात देवळाच्या सालाआधी तळ्याचं साल यावं. कात्रजचे तलाव, उच्छ्वास, हौद आणि ही बाग हे एकच काम म्हणून एका नकाशावर मांडलं, तर शाळेच्या सहलीला दिवसभराचा कार्यक्रम होईल. सध्या मुलं कात्रजला प्राणी बघायला जातात. पेशवे पार्कातले प्राणी पुढे तिकडेच हलवले. तेच पाणी, तोच ओढा, फक्त वरचं टोक. वाघ बघून झाल्यावर शेजारच्या तलावाचा दगडी बांध दाखवायला शिक्षकांना अर्धा तास पुरेल.